पाहुणा येतो तेव्हा रेडिओ मरतो

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसला, तर तो माणूस मला ओळखत नसणार. ओळखणारे लोक मी 'बाहेर ऊन पडलंय' म्हटलं तरी खिडकीतून हात बाहेर काढून खात्री करून घेतात. माझी त्याला हरकत नाही. लढाऊ वैमानिकाने म्हातारपणी करायचं काय? पाय जमिनीला टेकले की उडायला उरते ती जीभ, आणि ती मी गंजू दिलेली नाही. माझ्या विमानाला डावीकडे झुकायची इतकी खोड होती की हँगरमध्ये सरळ उभं केलं तरी सकाळी त्याचं नाक डाव्या भिंतीला टेकलेलं असायचं. हे मी आमच्या न्हाव्याला शपथेवर सांगितलंय, आणि त्याने वस्तरा न थांबवता 'असेल' म्हटलंय.

पण ही गोष्ट निराळी. ही मी करमणूक म्हणून सांगितली नाही. ही मला सूनबाईने सांगायला लावली.

नात दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघणार होती. लढाऊ विमानं चालवायला शिकवतात त्या तळावर तिची निवड झाली होती. शेजारीपाजारी येऊन कौतुक करून गेले, आणि त्यांच्यामागे दार लागलं की तिची आई न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि रडायची. नळ बंद झाला की बाहेर येऊन म्हणायची, काय बाई पाणी गार आहे.

नात माझी फार लाडकी. तान्ही असताना रात्रभर एकाच सुरात ओरडायची म्हणून मी तिला टिटवी म्हणू लागलो. टिटवीचं ओरडणं अशुभ, नाव बदला, असं सूनबाई तेव्हापासून सांगते आहे. पण नाव आणि सावली एकदा चिकटली की सुटत नाहीत.

तर त्या संध्याकाळी सूनबाई माझ्या खोलीत आली आणि तिने पाठीमागे दार लोटून घेतलं. म्हणाली, पोरगी बापाचं ऐकत नाही, माझं हसण्यावारी नेते, तुमचं तेवढं ऐकते. तेव्हा जेवणाआधी तिला लढाईतलं असं काहीतरी सांगा की तिच्या पायांतलं बळ गेलं पाहिजे. मी विचारलं, खरं सांगू की खोटं?

"बाबा," ती म्हणाली, "जन्मभर फुकट थापा मारल्यात. एक कामाची मारा."

इतकं स्पष्ट बोलणारी सून मिळायला नशीब लागतं. मी चष्मा पुसला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

टेबलाच्या एका टोकाला सूनबाई टिटवीच्या शर्टांना इस्त्री करू लागली. कॉलर अशी दाबत होती की जणू शर्ट टेबलालाच चिकटून राहावा. टिटवी फरशीवर उघड्या बॅगेपुढे मांडी घालून बुटांत मोजे कोंबत होती आणि गुणगुणत होती. तिची ती सवयच आहे, हात कामात बुडाले की तोंडातून सूर आपोआप निघतो, तिचा तिलाही पत्ता नसतो. सूरही ठरलेला, मी तिला मांडीवर झोपवताना गायचो तोच. आणि टेबलाच्या मधोमध ही, म्हणजे माझी बायको, पुढ्यात मटारच्या शेंगांचा ढीग घेऊन बसलेली. एरवी तो सूर कानावर पडला की ही उठून दुसऱ्या खोलीत जाते. कान दुखतात म्हणते. त्या दिवशी नात जायची म्हणून असेल, उठली नाही.

हिच्याबद्दल आधी एवढं सांगायला हवं. युद्धात मी आकाशात होतो तेव्हा ही जमिनीखाली होती. विमानतळाच्या तळघरात, कानांवर हेडफोन आणि तोंडापुढे माइक. शत्रूची विमानं कुठून येतायत ते नकाशावर बघायचं आणि रेडिओवरून आम्हाला सांगायचं, हे हिचं काम. कितीतरी दिवस मी हिचा चेहरा पाहिला नव्हता, नुसता आवाज ओळखीचा होता. 'वर ये' म्हटलं की वर जायचो, 'डावीकडे वळ' म्हटलं की वळायचो. लग्नानंतरही त्यात फरक पडलेला नाही. मी गोष्ट सांगायला लागलो की ही मध्ये अवाक्षर बोलत नाही. थाप फारच मोठी झाली तर फक्त हातातली शेंग जरा जोरात फोडते.

"टिटवे," मी म्हटलं, "तुला पाहुणा आठवतो का गं?"

ती हसली. पाहुण्याची गोष्ट तिने लहानपणी ऐकली होती, पण तेव्हा मी ती हसत सांगितली होती. आज मी हसलो नाही.

आमच्या तुकडीत त्याचं नाव कुणी मोठ्याने घेत नसे. पाहुणा म्हणजे एक विमान. राखेच्या रंगाचं. अंगावर ना कसली खूण, ना आकडा. ते आमचं नव्हतं आणि समोरच्यांचंही नव्हतं. त्यांच्याकडचा एक वैमानिक आमच्या हाती लागला होता, त्याला विचारलं तर तो म्हणाला, आम्हाला वाटायचं ते तुमचं.

ताडकन शेंग फुटली.

"मागे तुम्ही काळं म्हणाला होतात," टिटवी म्हणाली.

"धुतलं असेल."

"आणि राखी रंगाची तर सगळीच असतात, आजोबा. मी फ्लाइंग क्लबात चालवते तेही राखीच आहे."

मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो. थापाड्या माणसाचं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे गप्प बसणं; ते कधीतरीच काढायचं असतं. ती पुन्हा मोज्यांकडे वळली, पण तिचं गुणगुणणं जरा हळू झालं.

मग मी तिला सांगितलं की पाहुणा दिसायच्या आधी ऐकू येतो. म्हणजे ऐकू येईनासं होतं. वैमानिकाच्या कानात कधीच शांतता नसते. तव्यावर काहीतरी चरचरत असावं तशी रेडिओची खरखर, कुणाचा तरी श्वास, कुणाची शिवी, खालून हिचा आवाज, असं सतत काही ना काही चालूच. पाहुणा जवळ आला की हे सगळं एकदम थांबायचं. मागून येऊन कुणीतरी दोन्ही कानांवर तळहात ठेवावेत, तसं. आणि मग जोडीतला एकच घरी यायचा. आलेला माणूस पांढराफटक पडून एकच वाक्य बोलायचा: रेडिओ मेला होता.

सूनबाईने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. गाडी रुळावर होती.

जोडी म्हणजे काय ते टिटवीला सांगायची गरज नव्हती, पण सूनबाईसाठी सांगितलं. आम्ही कायम दोघे-दोघे उडायचो. पुढच्याने समोर बघायचं आणि शिकार करायची, मागच्याने पुढच्याची पाठ राखायची. मग मागच्याची पाठ कोण राखणार, असं सूनबाईने विचारलं. चांगला प्रश्न होता. मागच्याची पाठ खालून राखायची, हिच्या आवाजाने. हिला नकाशावर दिसायचं, ही सांगायची, तो वळायचा. त्याच्या आणि मरणाच्या मध्ये एवढाच एक धागा.

"आणि रेडिओ तरी कसला?" मी म्हटलं. "आजच्यासारखा नाही. आख्ख्या आकाशाला एकच वाट. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. बोलताना ऐकू येणार नाही, ऐकताना बोलता येणार नाही. एकाने बटण धरून ठेवलं की बाकी सगळे मुके. आमच्या घरात ते बटण हिच्याकडे आहे."

सूनबाईसुद्धा हसली. हिने शेंग फोडली, पण हळू.

माझ्या पाठीवर असायचा तो अर्ध्या. खरं नाव सांगत नाही, त्याची माणसं अजून आहेत. कितीही घाई असो, उडायच्या आधी अर्धा कप चहा प्यायचा आणि उरलेला अर्धा खिडकीत ठेवून जायचा, परत येऊन प्यायला. थंड झालेला, वर साय धरलेला तो चहा परतल्यावर असा चवीने प्यायचा की आम्हाला उमळून यायचं. पण कपाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पोरगा हसरा, कान मोठे, माझ्या गाण्याची नक्कल करायचा. मी दाढी करताना गायलो की न्हाणीघराबाहेरून ओरडायचा, पाणी तुंबलंय का रे आत?

"त्या दिवशी," मी म्हटलं, "अर्ध्याने कप रिकामा केला."

सूनबाईच्या हातातली इस्त्री थांबली. ही थाप होती हे मी इथे सांगून टाकतो. त्या दिवशी त्याने किती चहा प्यायला ते मी पाहिलंच नव्हतं. पण गोष्टीत कप रिकामा लागतो.

उन्हं कलली होती. खाली डोंगर, डोंगरांच्या मधल्या घळींत सावली साचलेली, आणि वर आभाळ असं स्वच्छ की लपायला ढगाचा कपटा नाही. खालून हिचा आवाज आला. तुमच्या पुढे एक आहे, तुमच्यापेक्षा खाली, एकटाच. मला तो दिसला. डोंगराच्या कडेवरून चाललेली त्याची सावली आधी दिसली, मग तो दिसला. मी अर्ध्याला म्हटलं, जातो. तो म्हणाला, जा, आहे मी.

त्याचे ते शेवटचे शब्द. हे खरं आहे.

मी नाक खाली घातलं. सूर मारताना काय होतं ते टिटवीला माहीत होतं, तरी सांगितलं: पोट घशात येतं, मग नाक वर घेतलं की अंगावर कुणीतरी पोती रचत जातं, गाल हनुवटीच्या खाली उतरतात, डोळ्यांपुढे कडेकडेने अंधार दाटत येतो आणि मधे उरतं एक बिळाएवढं भोक. त्या भोकात समोरच्याचं विमान. तो वळला, मी वळलो. तो पुन्हा वळला, मी त्याच्या आत वळलो. दोन कुत्री एकमेकांच्या शेपटीमागे लागतात तसं. एकदा मी इतका जवळ गेलो की मला त्याचं डोकं दिसलं. तो मागे वळून बघत होता. उजवीकडून, मग डावीकडून, मग पुन्हा उजवीकडून. रस्ता ओलांडताना माणूस बघतो ना, अगदी तसं.

टिटवीचे हात बुटात थांबले होते.

"मी घाबरलो, टिटवे. जन्मात इतका कधी घाबरलो नव्हतो. दोन्ही मुठी अशा आवळल्या की हातमोज्याची शिवण उसवली. उजव्या हातात बंदुकांचा घोडा, तो दाबला. सगळं विमान दाढ ठणकावी तसं थरथरायला लागलं. त्याच्या पंखाचे तुकडे उडून माझ्या डोक्यावरून गेले. आणि नेमकं तेव्हाच..."

मी थांबलो.

"नेमकं तेव्हाच कानातलं सगळं थांबलं."

खरखर नाही, श्वास नाही, हिचा आवाज नाही. मी आरशात बघितलं. सूर्याच्या पोटातून एक ठिपका निघाला होता. राखेच्या रंगाचा. मला वाटलं, माझ्याकडेच येतोय. तो माझ्याकडे येत नव्हता.

अर्ध्या माझ्या वर, माझ्या मागे, सरळ उडत होता. त्याला सांगितलं होतं तसं माझी पाठ बघत होता. स्वतःची पाठ बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो ऐकण्यावर विसंबून होता. पाहुणा त्याच्या मागे आला. घाई नाही, गडबड नाही. आपण पेपर वाचत असताना मागून कुणी येऊन खांद्यावरून डोकावतं, इतक्या सावकाश. मला ओरडायचं होतं. पण घसा असा कोरडा पडला की जीभ टाळूला चिकटली. आवाज म्हणून फुटेना.

अर्ध्याचं विमान फुटलं वगैरे नाही. नुसता एक पंख कलला. बसल्या बसल्या डुलकी लागून मान कलते ना, तसा. मग कलतच गेला, घळीतल्या सावलीत गेला, आणि सावलीतून एक ठिणगी दिसली. हवाई छत्री उघडली नाही.

मग पाहुणा माझ्या शेजारी आला. पंखाला पंख लावून उडत राहिला. आतल्या माणसाने माझ्याकडे तोंड वळवलं. तोंड नव्हतंच, नुसता गॉगल, आणि गॉगलच्या दोन्ही काचांत मी. इवलासा. त्याने हात वर केला, आपल्याच माणसाला करावा तसा, आणि निघून गेला.

इथे हिने शेंग जोरात फोडायला हवी होती. मी वाट पाहिली. फोडली नाही.

"मी उतरलो," मी म्हटलं. "मिस्त्रीने काच सरकवली. उजवा हात सुटला, पण डावा सुटेना. इंजिनाच्या दांड्यावर बोटं अशी रुतली होती की मिस्त्रीला एकेक उचकटावं लागलं. अंगठा सगळ्यात शेवटी निघाला. मग त्याने रेडिओ उघडला, तारा तपासल्या, दिवे तपासले. ठणठणीत. काही बिघडलं असतं तर म्हटलं असतं, यंत्र आहे, बिघडतं. बिघडलंच नव्हतं. हेच तर भयंकर आहे, टिटवे. तू कितीही चांगली शिक, कितीही चांगलं विमान घे. एक दिवस तुझ्या कानातलं सगळं थांबेल."

जळका वास आला. सूनबाई इस्त्री शर्टावर तशीच धरून उभी होती. तिने ती झटकन उचलली, कॉलरवर तपकिरी डाग उमटला होता, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती लेकीकडे बघत होती. लेकीचा चेहरा उतरला होता. गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं.

"आजोबा," टिटवी म्हणाली, "तुमच्या विमानात बोलायचं बटण कुठे असायचं?"

मला वाटलं, ती विषय बदलतेय. भ्यालेलं माणूस बदलतं. मी म्हटलं, इंजिनाच्या दांड्यावरच, डाव्या अंगठ्याखाली.

तिने बुटातून हात काढला आणि आपल्याच डाव्या अंगठ्याकडे बघत राहिली.

मला जिंकल्याची चाहूल लागली होती, आणि जिंकताना माणसाला एक खिळा जास्त ठोकायची हाव सुटते. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर राहू दे. साहेबांनी चौकशी केली तेव्हा तळघरातून कोणी साक्ष दिली होती? हिनेच ना? 'रेडिओ मेला होता,' असं हिनेच सांगितलं होतं.

"विचार तुझ्या आजीला. सांग गं."

हिने हातातली शेंग न फोडता टेबलावर ठेवली.

"सांगितलं होतं," ही म्हणाली. "साहेबांना. तुम्हाला कोर्टापुढे उभं करतील म्हणून. ती थाप माझी होती. इतकी वर्षं तुम्ही माझीच थाप मला ऐकवताय."

सूनबाई हलक्या आवाजात म्हणाली की आई, राहू द्या ना आता, पोरगी कुठे वळायला लागली होती.

"भुताला भिऊन कुणी घरी बसत नाही, सूनबाई. ही जायचीच आहे. जाताना खरं काय ते तरी घेऊन जाऊ दे." मग ही टिटवीकडे वळली. माझ्याकडे बघितलंही नाही. "रेडिओ मेला नव्हता, बाळा. ह्यांचा अंगठा बटणावर होता. मी खालून 'अर्ध्या, मागे बघ, अर्ध्या, मागे बघ' म्हणून घसा फोडत होते, आणि ते त्या पोरापर्यंत पोचतच नव्हतं. मी दमून थांबले की माझ्या कानात ह्यांचा आवाज. बाकी कुणाचा नाही."

"ओरडत होते?" टिटवीने विचारलं. "मदतीला?"

"गात होते," ही म्हणाली. "आत्ता मोजे भरताना तू गुणगुणत होतीस ना, तेच."